खडककंदाची चव

तगणीच्या सणाला केल्वार खोऱ्यात उकडलेल्या खडककंदाशिवाय दुसरं काही शिजत नसे. खोऱ्यात आलेली पहिली माणसं बर्फात याच कंदावर तगली होती, आणि म्हणे प्रत्येकाला त्यात मागे सोडलेल्या घरची चव लागायची.

“कसली चव? ओला खडू नुसता!” नव्या सुनेचा, इरझाचा धाकटा दीर ओर्विन तोंड वाकडं करत म्हणाला. पंगत हसली.

“लागणारच बेचव,” सासरे म्हणाले. “आपण इथलेच झालो ना आता.”

इरझानं पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला. तीन डोंगरांपलीकडे राहिलेल्या आईच्या हातचं धुरकट मासळीचं कालवण तोंडभर पसरलं होतं.

“कसा लागला गं?” सासूनं विचारलं. सगळे बघायला लागले.

“बेचव,” इरझा मान खाली घालून म्हणाली.

पंगत उठल्यावर सासू मागच्या दारी आली. फडक्यात गुंडाळलेला आपल्या वाटचा अर्धा कंद तिनं इरझाच्या हातात ठेवला.

“इथंच खा, कुणी नाहीये. चाळीस वर्षं मीही बेचवच म्हणतेय.”