चोवीस काढल्या, चोवीस लावल्या

कपाटावरच्या डब्याला चोवीस भोकं, आणि त्यातल्या एकवीस भोकांवरचे दिवे विझलेले. उत्तराने कपाळावर हात मारून घेतला. नौपाड्यातल्या त्या ऑफिसात दसऱ्यानंतरचा हा पहिला कामाचा दिवस, आणि तीन जण सोडले तर बाकी सगळे हाताची घडी घालून बसले होते.

डबा म्हणजे नेटवर्कचा स्विच. साहेबांच्या मागे लागून उत्तरानेच तो आणवला होता. एका भोकात एकच कॉम्प्युटर, तोही ओळखीचा, असा तिचा नियम. प्रत्येक मशीनचा लांबलचक नंबर तिने स्वतः टाइप करून डब्याला पढवला होता. परकं मशीन लागलं, की ते भोक बंद. कुठली वायर कुठल्या भोकातली, याची चिठ्ठीही वायरीवर चिकटवलेली. इतकं चोख काम या ऑफिसात आजवर कुणी केलेलं नाही, असं तिचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं.

“मामा, वायरींवरच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?”

शिपाई दामाजी हातात फडकं घेऊन उभा होता. “त्या इंग्रजी चिठ्ठ्या? दुकानवाल्याच्या ना? रॉकेल लावून सगल्या काढल्या. गोंद पन ठेवला नाय.”

“आणि डबा कशाला खाली काढलात?”

“साहेब बोलले, खंडेनवमीला एक पन मशीन पूजेचा रायला नाय पायजे. वायरी काढल्या, डबा पुसला, हलद-कुंकू लावला, वायरी परत लावल्या. चोवीस काढल्या, चोवीस लावल्या. मोजून.”

हसावं की रडावं, उत्तराला कळेना. चोवीसच्या चोवीस लागल्या होत्या खऱ्या, पण एकवीस भलत्याच भोकांत. डब्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, आणि त्या टिळ्यानिशी तो तिचा नियम इमानेइतबारे पाळत होता. नियम काढून टाकला असता तर दहा मिनिटांत सगळं सुरू झालं असतं. पण मग हा डबा आणला कशाला, असं साहेबांनी विचारलंच असतं.

इंटरकॉम वाजला. साहेबच होते.

“कारण लेखी द्या. कुणी केलं, त्याचं पूर्ण नाव पाहिजे. ठेकेदाराचा माणूस असेल तर उद्यापासून बंद करू.”

“हो सर. पूर्ण नाव. हो, लगेच देते.” तिने फोन ठेवला आणि छापील इंग्रजी फॉर्म पुढे ओढला. राग आला होता, आणि तो लपवायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

“मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

दामाजीने फडकं खाली ठेवलं, हात पँटीला पुसले आणि ताठ उभा राहिला.

“दामाजी गोमाजी नाखवा. नाखवा लिवा हां मॅडम, नेहमी लिवायचा रायते.” मग जरा वाकून, हळूच म्हणाला, “नऊ वर्सं झाली. हापिसच्या हजेरीत माजा नाव नाय. ठेकेदार ‘शिपाई एक’ लिवते. साहेब घेतात ना आता?”

उत्तराचं पेन थांबलं. तिची स्वतःची नोकरी दिवाळीपर्यंत कच्चीच होती. ती पक्की करायची की नाही, हे साहेबच ठरवणार होते. तिला दामाजीचा राग आला, साहेबांचा आला, आणि ओळखीशिवाय कुणाला आत न घेणाऱ्या आपल्या त्या चोख नियमाचा सगळ्यात जास्त आला. तिने दात-ओठ खात एका दमात नाव लिहून टाकलं.

“लिवला?”

“लिहिलं.”

दामाजीने वाकून पाहिलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. ‘उत्तरा श्रीधर बेडेकर’ या अक्षरांवरून त्याने शाईला न टेकवता बोट फिरवलं.

“इंग्रजीत केवढा मोठा दिसते माजा नाव,” तो म्हणाला.