अकरा नावं

कोकणा या आदिवासी बोलीचं मराठीत भाषांतर करणारं, सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर नाशिकच्या काही जणांनी मिळून बनवलं होतं. त्यात कोणाचा किती वाटा, हे तृप्तीने महिनाभर बसून काढलं. यादी पाहून प्रकल्पप्रमुख महेश सरांनी सुरगाण्याच्या अकरा बायांची नावं खोडली.

"यांनी कोडची एक ओळही लिहिलेली नाही."

"सर, सहा हजार शब्द त्यांनीच बोलून दिलेत."

"ती नुसती माहिती झाली. योगदान नव्हे."

सॉफ्टवेअरच्या लोकार्पणाच्या दिवशी तृप्तीने त्या अकराजणींतल्या अक्काबाईंना सुरगाण्याहून आणलं, खोडलेली यादी वाचून दाखवली आणि थेट माइकसमोर उभं केलं.

"मावशी, मनात असेल ते बोला. आपल्याच बोलीत."

सरांनी ऐटीत सॉफ्टवेअर सुरू केलं. अक्काबाई मान ताठ ठेवून एकच वाक्य बोलल्या. सभागृहात कोणाला काही कळलं नाही. पडद्यावर भाषांतर उमटलं, तसं सरांनी कौतुकाने ते मोठ्याने वाचलं,

"तुम्हाला आमची नावं नकोत, तर आमचे शब्द परत द्या."