रागाचा तास

सुधीरनी डस्टर उचलला आणि भर वर्गात, सुनीतीने फळ्यावर लिहिलेला प्रश्न पुसून टाकला. ‘तुमचा देवावर राग आहे का? का?’

“मॅडम, हा धर्मशिक्षणाचा वर्ग आहे,” ते म्हणाले. “लोकांच्या भावना दुखावतात. पुस्तिकेत छापलंय तेवढंच शिकवायचं.”

नेरूळच्या त्या विद्यालयात सुनीती अठरा वर्षं मोठ्या माणसांना धर्मशास्त्र शिकवत होती. विद्यालय चालवणारे जुने शास्त्रीबुवा वारले, संस्था नव्या ट्रस्टकडे गेली आणि सुधीर ट्रस्टचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून परीक्षा मोबाइलवर. चार पर्यायांतला एक निवडायचा. ईश्वर सगुण की निर्गुण, यालासुद्धा एक मार्क.

सुनीतीचं डोकं सणकलं. “देवावर चिडलेलं माणूस समोर येऊन बसलं तर त्याला काय सांगू, सर? अ, ब, क की ड?”

“उद्यापासून येऊ नका.”

 मग शेवटच्या बाकावरून गोजरा उठली. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली म्हातारी, सकाळी घाऊक बाजारातून आणलेली मासळी विकून दुपारी वर्गाला येणारी. तिला लिहिता येत नव्हतं. आजवर ती नुसती ऐकत आली होती.

“फळा पुसलात, सायेब. माझा राग कसा पुसाल? खाडीत भराव पडला, आमची मासली गेली. तवा मी गावदेवीम्होरं बसून तिला नाय नाय ते बोलले. म्हैनाभर दिवा नाय लावला.”

“देवीला असं बोलतात?” सुधीर ओरडले.

“मंग कोनाला बोलू? माझी हाय ती.” गोजरा सुनीतीकडे वळली. “बाई, दर वरसाला तुमी आमालाच इचारता. तुमचा राग कोनावर हाय?”

‘या माणसावर,’ असं सुनीती म्हणणार होती. सुधीरकडे तिने बोटसुद्धा उचललं. पण बोट मध्येच थांबलं.

तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा कामोठ्याहून घरी येताना अपघातात गेला. तेराव्यानंतर तिने एक दिवस पूजा चुकवली नव्हती. फुलं, नैवेद्य, स्तोत्रं, सगळं बिनचूक. लोक म्हणायचे, काय श्रद्धा आहे बाईंची! भांडायची ती ट्रस्टशी, सोसायटीशी, दूधवाल्याशी. देवाशी मात्र तीन वर्षांत तिने स्वतःचा एक शब्द काढला नव्हता.

तिने हात खाली घेतला. सुधीरकडे पाठ फिरवली. कोपऱ्यात दत्ताची तसबीर होती, तिथे जाऊन ती उभी राहिली. 

“माझा केयूर सव्वीस वर्षांचा होता,” ती म्हणाली. “लाज नाही वाटली तुला?”