डावं वळण

बाबांची जुनी गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप कोकलायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "वाजू दे गं, कुणाचं काय जातंय!" शेवटी तिच्यासकट गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली. स्टिअरिंगखाली डोकं घालताच तो हसला. हॉर्नच्या वायरीचा जोड जखमेच्या चिकटपट्टीने गुंडाळला होता. पट्टी झिजल्याने वळताना उघडी तार लोखंडाला टेकायची. "हा कुणाचा उद्योग?" "माझा. नर्स होते मी," आई म्हणाली. "वाटेत वायर तुटली. हे म्हणाले, पिशवीतलं काहीतरी दे, उद्या नीट करतो." बाबा गेले, तरी त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही. नवा जोड झाला. परतताना गल्लीचं डावं वळण आलं. इथे बाबा रोज हॉर्न द्यायचे, आईने चहा टाकावा म्हणून. गाडी मुकाट्याने वळली. घरी कुणीच नव्हतं, तरी आईने शेजारून हात लांबवून हॉर्न दाबला.