प्लगची कॅप

अर्धांगवायूनंतर मिस्त्रीचा उजवा हात झोपल्या लेकरासारखा मांडीवर पडून असे. “बाबांची जुनी मोटारसायकल आज सुरू झाली नाही, तर गॅरेज कायमचं बंद,” तो सकाळीच म्हणाला होता. बायकोनं त्याच्या सांगण्यावरून पॉइंट घासले, वायर बदलली, सुटा प्लग इंजिनाला टेकवून किकवर किक मारली. ठिणगी काही पडेना. “किक मारतेस की माश्या हाकलतेस?” “मग या, तुम्हीच मारा!” ती बोलून गेली आणि चरकली. घसरणारा प्लग त्यानं डाव्या हातानं उचलून, वायरीच्या टोकाच्या कॅपसकट निर्जीव उजव्या मुठीत खोचला. “शेवटची मार. मग कुलूप लाव.” तिनं सगळा जीव पायात एकवटून किक मारली. “आई गं!” तो ओरडला. “कॅपच फुटलीय! करंट इथूनच गळतोय!” तिनं किकवरून पाय काढला. “कॅप राहू द्या, हात कुठला मागे घेतलात?”