पंख्याची विमानं

इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी विमानाच्या पंख्याची पाती वाऱ्याने सावकाश फिरत होती. कॅप्टन मृदुला विमानतळावरच्या विश्रांतीकक्षाच्या खिडकीतून ती पाहत होती.

मागे हळबे आणि कुरेशी हे दोन सहकारी कॅप्टन चहा पिता पिता कंपनीचं भवितव्य ठरवत होते.

"आपल्या कंपनीचं विलीनीकरण झालं की ही पंख्याची विमानं विकणार. फक्त जेट ठेवतील," हळबे म्हणाले.

"काल तर नवी पंख्याचीच घेणार म्हणालात," कुरेशीने टोकलं.

"काल भागीदार वेगळा होता."

मृदुला हसली. जेटचा मोह तिलाही होता. पण तिथे कॅप्टनपद सोडून पुन्हा सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसावं लागणार होतं. विलीनीकरणाचं नक्की कळू दे, असं म्हणत ती जेटवर जायचं की नाही याचं उत्तर वर्षभर टाळत होती.

"तुझं काय? सोमवारपासून जेटचं प्रशिक्षण आहे," हळबेंनी विचारलं.

आज सकाळी अशाच वाऱ्यात तिने विमान एका गावाच्या आखूड धावपट्टीवर अलगद टेकवलं होतं. तिथे जेट उतरूच शकत नाही.

"मी जात नाही, सर. हीच उडवणार. कंपनीने विकली, तर घेणाऱ्याकडे मीही जाईन."