पाकिटातले पंधराशे

पंधराशे रुपये पुन्हा कमी भरले. वर्षाराणीनं मोबाइलवरची बेरीज परत करून पाहिली. गॅस, लाइट बिल, किराणा, पोराची फी, सगळं जागच्या जागी होतं. गेल्या महिन्यातही एवढेच गेले होते.

"अहो, खरं सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "परत मित्रांसंगं बसाय लागलाय काय?"

कृष्णात कारखान्याला निघाला होता. बुटाची नाडी तशीच धरून तो म्हणाला, "आईच्यान न्हाय. तिलाच इच्यार की. घरखर्चाचं पाकीट तिच्याजवळच असतंय."

सासूला पैशाचं विचारायचं वर्षाराणीच्या जिवावर आलं. आक्कांनी कधी स्वतःसाठी गजरासुद्धा घेतला नव्हता. पण हल्ली त्या रोज दुपारी पिशवी घेऊन भजनाला जायच्या आणि आल्यावर मागच्या दोरीवर ओला टॉवेल वाळत घालायच्या. भजनात टॉवेल कशाला भिजतो? कुणा बुवाच्या नादी लागल्या असतील, तर आज पंधराशे गेले, उद्या गळ्यातलं जाईल.

सोमवारी तिच्या दुकानाला सुट्टी होती. आक्का बाहेर पडल्या तशी तीही चार घरं अंतर ठेवून निघाली. देऊळ आलं, मागं पडलं. आक्का झपाझपा चालत पोहण्याच्या तलावाच्या फाटकात शिरल्या.

फाटकावरची बाई म्हणाली, "या की पावणं. बायकांचीच वेळ हाय. पायताण तेवढं भाईर काढा."

आत निळं पाणी उन्हात हलत होतं. उथळ भागात चार-पाच बायका दांडा धरून पाय मारत होत्या. त्यांत आक्का नव्हत्या. पलीकडं, खोल पाण्याच्या कडेला, काळा अंगभर पोशाख आणि टोपी घातलेली कुणीतरी उभी होती. तिच्या हनुवटीवर आक्कांचंच गोंदण होतं.

वर्षाराणी ओरडणार, तोवर आक्कांनी उडी टाकली.

पाणी मिटलं. मग बरंच पुढं टोपी वर आली.

"तुम्ही कोण त्यांच्या?" शिकवणारी पोरगी, तेजस्वी, जवळ आली होती.

"सून."

"वर्षाराणी?" तिनं जरा निरखून पाहिलं. "पवायला तर त्या कवाच शिकल्या. पण पहिल्याच दिवशी म्हणालत्या, नुसतं पवून मला काय करायचंय? बुडत्या माणसाला धरून काठाला कसं आणायचं, ते शिकीव. आता त्याचाच वेगळा क्लास चाललाय."

खोल पाण्यात एक जाडजूड बाई हातपाय सोडून पडली होती. आक्का मागून गेल्या, तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि दुसऱ्या हातानं पाणी कापू लागल्या. हळूहळू. मधेच दोघींची तोंडं पाण्याखाली गेली, वर आली. पकड सुटली नाही.

वर्षाराणीला महापूर आठवला. नावेत चढताना तिचा पाय सरकला होता. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं होतं. नावेतल्या पोरांनी केस धरून वर ओढलं, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसल्या त्या घराच्या जिन्यावर उभ्या आक्का. दोन्ही हात तिच्याकडं पसरलेले, आणि पाय मात्र एक पायरीही उतरेनात. घरात त्यावर नंतर कुणी कधी बोललं नव्हतं.

आता तेच पाय पाणी मागं सारत होते.  वर्षाराणी आपसूक काठाशी गुडघ्यांवर बसली.

आक्कांनी त्या बाईला काठाला लावलं, डोळे पुसले, आणि समोर सून दिसली.

"पाकिटातलं मीच घेतलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सांगणार हुते. पर कृष्णातला एवढ्यात सांगू नगं, हसंल."

 वर्षाराणीनं हात पुढं केला.

आक्कांनी तो धरला नाही. पाण्यातूनच त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत नजरेनं जोखलं.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुजं वजन किती गं?"